वारसा आणि जोडगुण

भोर तालुक्यांतील आंबवडें हें गांव नागेश्वराच्या जुन्या देवालयामुळें आणि संस्थानी अमदानींत बांधलेल्या झुलत्या पुलामुळें सहलीस जाणाऱ्या मंडळींच्या चांगलें परिचयाचें आहे. पूल ओलांडणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत येतें कीं, या एवढ्याशा गांवांत मराठ्यांच्या इतिहासांतील तीन निरनिराळ्या प्रकारच्या पुरुषांच्या समाध्या दाखविल्या जातात. एक कान्होजी जेधे देशमुख यांची, दुसरी जिवा महाल्याची, आणि तिसरी शंकराजी नारायण सचिव यांची. कान्होजींचें वतन त्यांस जन्मानें आलें होतें. आदिलशहानें १६५९ च्या जूनमध्यें फर्मान धाडून त्यांस अफझलखानास सामील होण्याची आज्ञा केली, तेव्हां ते आपल्या पांच पुत्रांसह शिवरायांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून मोकळे झाले. जिवा महाल्यास पिढीजात देशमुखी नव्हती. त्याच्याजवळ होता तो पट्ट्याचा हात. आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं सय्यद बंडाची तलवार उठली, तेव्हां तेवढ्या एका गुणावर त्यानें इतिहासांत आपली जागा मिळविली. शंकराजीपंतांची गोष्ट या दोहोंहून बिकट आहे, व तिच्याकडे आम्ही सावकाश येणार आहों.

या तीन समाध्यांच्या निमित्तानें आम्हांस जें शास्त्र आठवतें त्याचें नांव ऐकून वाचक कदाचित् हसतील. तें मिताक्षरेचें दायशास्त्र नव्हे. संगणकाच्या आज्ञावली रचण्याचें शास्त्र होय. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारीं बरींच मुलें आज हिंजवडीच्या वाटेस लागतात, आणि हीं मुलें तेथें दिवसभर करतात तरी काय, हें विचारून घरचीं वडील माणसें थकतात. त्या मुलांच्या तोंडीं सतत असणारा एक शब्द म्हणजे इनहेरिटन्स, अर्थात् वारसा. आणि दुसरा, जरा दबकत उच्चारलेला, मिक्स-इन. या दुसऱ्यास आम्ही जोडगुण म्हणूं. वारशानें काय द्यावें आणि जोडून काय द्यावें, हा वाद त्या शास्त्रांत अर्धशतकाहून अधिक काळ चालला आहे. त्याचा इतिहास मराठी वाचकांस परका वाटूं नये, कारण तोच वाद आपल्या राज्यकारभारांत तीनशें वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे, आणि त्यांत एका कर्त्या पुरुषाचा प्राणहि गेला आहे.

आज्ञावली म्हणजे यंत्रास द्यावयाच्या आज्ञांची यादी. ती लहान असते तोंवर कोणींहि ती वरून खालीं सरळ लिहून काढावी. परंतु ती लाख-लाख ओळींची झाली म्हणजे कारभाराचा प्रश्न उत्पन्न होतो, आणि कारभाराचा प्रश्न आला कीं इतिहासाच्या अध्यापकासहि बोलण्याचा थोडा अधिकार येतो. १६७४ सालच्या राज्याभिषेकप्रसंगीं अष्टप्रधानांचीं कामें ठरवून देणारा जो कानूजाबता प्रसिद्ध आहे, त्यांत कोणत्या प्रधानानें काय पाहावें आणि कागदपत्रांवर कोणीं चिन्ह करावें, हें नमूद आहे. तो कागद म्हणजे सचिव नव्हे. सचिव म्हणजे अण्णाजी दत्तो हा हाडामांसाचा मनुष्य. कागदानें पदाचें स्वरूप सांगितलें, मनुष्यानें तें धारण केलें. संगणकाच्या परिभाषेंत त्या कागदास क्लास म्हणजे वर्ग म्हणतात, आणि त्याबरहुकूम उभ्या राहिलेल्या प्रत्येक व्यक्तीस ऑब्जेक्ट म्हणजे वस्तु. प्रत्येक वस्तूजवळ आपलें दप्तर असतें आणि तिला ठराविक कामें करतां येतात. दुसऱ्यानें तिच्या दप्तरांत हात घालावयाचा नाहीं. काम सांगावयाचें आणि उत्तर घ्यावयाचें. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग या भारदस्त नांवाखालीं मूळ कल्पना एवढीच आहे.

ही कल्पना नॉर्वे देशांत जन्मास आली. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटर या संस्थेंत क्रिस्तेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे सिम्युला नांवाची भाषा घडवीत होते. व्यवहारांतील घडामोडींची हुबेहूब नक्कल यंत्रांत चालवून पाहावी, हा त्या भाषेचा हेतु. १९६६ च्या अखेरीस ते ज्या उदाहरणाशीं झगडत होते तें पुलावरील टोलनाक्याचें होतें. नाक्यावर गाड्यांची रांग. रांगेंत कांहीं मालमोटारी, कांहीं बसगाड्या. मालमोटारीची माहिती वेगळी, बसगाडीची वेगळी. पण आपल्या पुढें कोण आणि मागें कोण, हें जाणण्याची गरज दोघींस सारखीच. हा समान भाग प्रत्येक ठिकाणीं पुन्हा लिहीत बसण्यापेक्षां एकदांच लिहावा आणि प्रत्येक वर्गाच्या आरंभीं उपसर्गासारखा जोडावा, असें त्यांस सुचलें. त्यांनीं त्याला नांवहि उपसर्गाचेंच दिलें. १९६७ च्या मे महिन्यांत ऑस्लोजवळच्या लिसेबू येथील परिषदेंत हें सर्व विद्वानांपुढें मांडण्यांत आलें. (रविवारीं सायंकाळीं खेड-शिवापूरच्या नाक्यावर ताटकळलेल्या वाचकांनीं, रांगेंतूनहि जगाला कांहीं लाभूं शकतें, एवढें समाधान मानावें.) दोघांस २००१ सालचें ट्युरिंग पारितोषिक मिळालें आणि दोघेहि २००२ सालीं, सहा आठवड्यांच्या अंतरानें, निवर्तले.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. उपसर्ग मागें पडून त्या संबंधास लौकरच पितापुत्रसंबंधाचें रूप आलें. वरचा वर्ग पूर्वज, खालचा वंशज, आणि पूर्वजाची सर्व मालमत्ता वंशजास आपोआप. परंतु मालमोटार ही कांहीं रांगेची कन्या नव्हे. रांगेंत उभें राहतां येणें हा तिला लाभलेला एक गुण आहे; तें तिचें कुळ नव्हे. गुण जोडावयास निघालेल्या मंडळींनीं वंशावळ काढून दिली, आणि पुढची सारी भानगड त्यांतून उत्पन्न झाली, असें आमचें मत आहे.

वंशावळीचा मोह मात्र विलक्षण होता. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत ॲलन के यांनीं स्मॉलटॉक ही भाषा काढली. तिच्या १९७२ च्या आवृत्तींत त्यांनीं वारशास जाणूनबुजून जागा दिली नव्हती. पण १९७६ च्या आवृत्तींत तो आलाच. पुढें बेल प्रयोगशाळेंतील ब्यार्न स्ट्रौस्ट्रुप यांच्या सी प्लस प्लसनें तो घरोघर नेला. नव्या वर्गांत पूर्वजाहून जें निराळें असेल तेवढेंच लिहावयाचें, बाकी सारें वारशानें येतें! ज्यास शंभर वर्ग लिहावयाचे आहेत त्याला याहून गोड शब्द कोणता?

या गोडव्याचें पथ्य लोकांस उशिरां कळलें. एक उदाहरण घेऊं. पेशवे दप्तराच्या धर्तीवर एक दप्तरदार कल्पावा. त्याला दोन कामें येतात : एक कागद दाखल करून घेणें, आणि कागदांचा सबंध रुमाल दाखल करून घेणें. त्याचा वंशज म्हणून आपण मोजणारा दप्तरदार निर्माण करूं. कागद आला कीं तो गणतींत एक मिळवितो, रुमाल आला कीं त्यांतील कागदांइतकी संख्या मिळवितो, आणि मग मूळ काम वडिलांच्या रीतीनें करतो. चाळीस कागदांचा रुमाल आला, आणि गणती झाली ऐंशीं. असें कां व्हावें? तर वडिलांची रुमाल घेण्याची रीत, आंतून, एकेक कागद घेण्याची होती. आणि प्रत्येक कागदाबरोबर मुलानें पुन्हा एक मिळविला. मुलाचा दोष नाहीं, वडिलांचाहि नाहीं. घरांतील जी रीत कोणाला दिसावयाची नव्हती तिच्यावर मुलाचा हिशेब अवलंबून राहिला एवढेंच. उद्यां वडिलांनीं ती रीत न सांगतां बदलली तर आज दुरुस्त केलेला हिशेब पुन्हा चुकेल. वारशामुळें दप्तराचा पडदा फाटतो हें ॲलन स्नायडर यांनीं १९८६ सालींच दाखवून दिलें होतें, पण भर उत्सवांत असें बोलणें कोणास आवडत नाहीं.

आमच्याकडे हा अनुभव जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत वतनदारांविषयीं जो इशारा आहे त्याचा आशय असा कीं, हे लोक वस्तुतः राज्याचे वाटेकरीच असतात. त्यांस दुखवूं नये आणि मोकळेहि सोडूं नये. वारशानें आलेलें काढून घेतां येत नाहीं आणि सुधारतांहि येत नाहीं, ही खरी अडचण. म्हणून शिवछत्रपतींचें धोरण तत्त्वतः असें होतें कीं, जुनीं वतनें आटोक्यांत ठेवावीं, पण नवीन पद हें मनुष्याच्या लायकीवर द्यावें, वेतन द्यावें, आणि प्रसंगीं पद काढून घ्यावें. पद ही वंशाची मिळकत नव्हे. हें धोरण टिकलें किती, हा प्रश्न निराळा. मोरोपंत पिंगळे १६८० सालीं वारल्यावर पेशवाई त्यांचे पुत्र निळोपंतांकडेच गेली.

अष्टप्रधानांच्या रचनेंत आणखी एक मर्म आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तेंच सर्वांत मोलाचें. पंडितराव आणि न्यायाधीश हे दोघे वगळले तर बाकीच्या प्रधानांनीं प्रसंगीं फौज घेऊन युद्धास जावें, असा दंडक होता. पेशवे मोरोपंत १६७२ सालीं साल्हेरच्या संग्रामांत होते, आणि कागद तपासणारे अण्णाजी दत्तो १६७३ सालीं पन्हाळ्याच्या मोहिमेवर. आतां हा दंडक वंशावळीच्या रीतीनें लिहून पाहा. सर्व प्रधानांचा एक पूर्वज कल्पून युद्ध त्याच्या पदरीं घातलें तर पंडितरावांच्या हातींहि तलवार येते. लढणारा प्रधान असा निराळा पूर्वज काढला तर चालेल. पण उद्यां परराष्ट्रांशीं बोलणारे, हिशेब पाहणारे, न्याय देणारे, असे दुसरे गट पडतील, आणि ते पहिल्या गटास आडवे छेदून जातील. एका झाडाच्या फांद्यांनीं हे छेद दाखवितां येत नाहींत. वास्तविक येथें युद्धकौशल्य हें कोणाचेंच कूळ नाहीं. तें हव्या त्या पदावर चढविण्याचें एक लेणें आहे.

हें लेणें संगणकशास्त्रांत आलें तें आइस्क्रीमच्या दुकानांतून! बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल गांवीं १९७३ सालीं स्टीव्ह हेरेल नांवाच्या गृहस्थानें दुकान काढलें. गिऱ्हाइकानें मूळचा एक स्वाद निवडावयाचा. मग त्यांत अक्रोड, बिस्किटांचा चुरा, गोळ्या, जें सांगाल तें, डोळ्यांदेखत हातानें कालवून देत. या कालवणाच्या जिनसांस तेथें मिक्स-इन म्हणत. (पुढें हेरेलनें तें दुकान विकलें, नांवहि त्याबरोबर गेलें, आणि आपल्या नव्या दुकानांत स्वतःच काढलेल्या पद्धतीस त्याला दुसरें नांव द्यावें लागलें. वारशाच्या गमती आइस्क्रीमलाहि चुकत नाहींत.) जवळच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही प्रख्यात संस्था. तेथील हॉवर्ड कॅनन यांनीं १९७९ च्या सुमारास लिस्प यंत्रासाठीं जी वर्गपद्धति रचली तिचें नांवच त्यांनीं फ्लेव्हर्स, म्हणजे स्वाद, असें ठेवलें. सर्वांच्या मुळाशीं असणारा स्वाद अर्थात् व्हॅनिला. पडद्यावरील खिडक्यांसाठीं तिचा फार उपयोग झाला. एका खिडकीस चौकट हवी, दुसरीस नांवाची पाटी, तिसरीस दोन्ही. चौकटवाली खिडकी, पाटीवाली खिडकी, चौकट-पाटीवाली खिडकी, अशी प्रजा वाढवीत न बसतां चौकट हा एक जोडगुण, पाटी हा दुसरा, आणि पाहिजे त्यांत पाहिजे तो कालवावा.

आमच्या वाचकांस आइस्क्रीमपेक्षां फोडणीचा दृष्टांत अधिक पटेल. फोडणी ही स्वतंत्र खाण्याची वस्तु नव्हे. ताटांत कोणी नुसती फोडणी वाढीत नाहीं. पण तीच वरणास चालते, तीच भाजीस, तीच ताकाच्या कढीस. वरण आणि कढी यांचें कूळ एक आहे असें त्यावरून कोणी म्हणत नाहीं. जोडगुणाचीं हीं दोन्ही लक्षणें आहेत : तो एकटा उभा राहत नाहीं, आणि ज्यावर पडतो त्यांचें आपसांत नातें लावीत नाहीं. हीच गोष्ट गिलाड ब्राखा आणि विल्यम कुक यांनीं १९९० सालच्या आपल्या निबंधांत शास्त्रीय रीतीनें मांडली. त्यांचें म्हणणें असें कीं, जोडगुण म्हणजे ज्याच्या वडिलांच्या नांवाची जागा कोरी ठेविली आहे असा वंशज. आपल्याकडे मनुष्याच्या नांवांत मधलें नांव वडिलांचें असतें. तें जर कोरें ठेवलें आणि वेळेवर भरलें, तर तोच मनुष्य आज या घरचा, उद्यां त्या घरचा. एकदां असें पाहिलें म्हणजे साधा वारसा हा जोडगुणाचाच एक प्रकार ठरतो : ज्यांत ती जागा आधींच, आणि कायमची, भरलेली आहे.

परंतु वडील दोन असले तर?

धर्मशास्त्रकारांस हा प्रश्न ठाऊक होता. जनकपिता व दत्तकपिता यांच्यांत तसा करार झाला असेल तर दत्तक गेलेला पुत्र दोघांचाहि पुत्र मानावा, दोघांसहि पिंड द्यावा आणि दोघांचाहि दायाद व्हावें, अशी व्यवस्था आहे, आणि अशा पुत्रास द्व्यामुष्यायण असें नांव आहे. सी प्लस प्लसमध्यें १९८९ च्या आवृत्तीपासून वर्गास असे एकाहून अधिक पूर्वज घेण्याची मोकळीक मिळाली. दोन पूर्वज सर्वस्वी परके असतील तर फारसें बिघडत नाहीं. ते दोघे एकाच मूळपुरुषाचे वंशज असले म्हणजे मात्र अवघड होतें. वर एक, मध्यें दोन, खालीं पुन्हा एक, अशी ती आकृति हिऱ्याच्या आकाराची दिसते; म्हणून या पेंचास हिऱ्याचा पेंच असें नांव पडलें. मूळपुरुषाच्या एकाच कामास मधल्या दोघांनीं दोन निराळ्या रीति लावल्या असतील, तर खालच्यानें कोणाची पाळावी?

आंबवड्याची तिसरी समाधि या पेंचाची आहे. शंकराजी नारायण गांडेकर हे राजाराममहाराजांच्या कारकिर्दींत कर्तृत्वानें वर आले. मोंगलांनीं घेतलेले मावळांतील किल्ले परत मिळविण्यांत त्यांचा मोठा वांटा. सचिवपद त्यांस मिळालें तें कोणाचे पुत्र म्हणून नव्हे. राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून, ताराबाई आपल्या पुत्राच्या नांवें राज्य चालवीत होत्या. औरंगजेब १७०७ च्या मार्चमध्यें मेला आणि मे महिन्यांत शाहूराजे मोंगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेकडे निघाले. शाहू हे शिवछत्रपतींचे वडील पुत्र संभाजी यांचे चिरंजीव. ताराबाईंचा पुत्र हा धाकटे पुत्र राजाराम यांचा. मुळाशीं एकच छत्रपति, मध्यें दोन शाखा, आणि खालीं उभे राज्याचे सेवक. ताराबाईंनीं सरदारांकडून शपथा घेतल्या. शंकराजीपंतहि शपथेनें बांधले गेले. शाहूंची आज्ञा आली कीं किल्ले आमच्या स्वाधीन करून भेटीस या. ऑक्टोबरांत खेडच्या लढाईंत धनाजी जाधव शाहूंस मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधि ताराबाईंच्याच पक्षास धरून राहिले. शंकराजीपंतांनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. त्यांनीं त्याच वर्षीं आंबवडें येथें देह ठेविला. कोणी जलसमाधि म्हणतात, कोणी विषप्राशन म्हणतात.

हा भित्रेपणा होता असें म्हणणारे आम्हांस भेटले आहेत, आणि त्यांचें म्हणणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मोंगलांच्या वेढ्यांत ज्यानें किल्ले झुंजविले त्याला रणाची भीति कसली? ज्या घराचें अन्न खाल्लें त्याच घराच्या दोन हातांनीं दोन दिशांस ओढलें, आणि कोणत्या हातास झिडकारलें तरी तें घरालाच झिडकारणें होतें, ही ती अडचण होती.

ताराबाईंचा युक्तिवाद येथें मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्या म्हणत, थोरल्या महाराजांचें राज्य संभाजीराजांच्या वेळीं गेलें. हें राज्य राजारामांनीं नव्यानें मिळविलेलें, सबब शाहूंचा त्यावर हक्क नाहीं. म्हणजे मूळपुरुष एक दिसत असला तरी राज्यें दोन. शाहूंचें म्हणणें, राज्य एकच. कैदेंत होतों म्हणून हक्क बुडत नाहीं. स्ट्रौस्ट्रुप यांच्या भाषेंत हे दोन्ही पक्ष शब्दशः आहेत. तेथें कांहीं न सांगितल्यास दोन शाखांतून मूळपुरुषाच्या दोन निरनिराळ्या प्रति खालीं येतात, हें ताराबाईंचें मत. दोन्ही शाखांनीं आपला पूर्वज सामायिक आहे असें व्हर्च्युअल या शब्दानें आधींच जाहीर केलें असेल तरच एक प्रत उरते, हें शाहूंचें. आणि सामायिक प्रत मान्य केली तरी आज्ञांचा विरोध मिटत नाहीं. भाषांतरयंत्र अशी आज्ञावली नाकारतें आणि खालच्या वर्गानें स्वतः निर्णय लिहून द्यावा म्हणून अडून बसतें. मराठ्यांच्या बाबतींत निर्णय लिहिला गेला तो १७३१ च्या वारणेच्या तहानें : सातारा एक, कोल्हापूर एक. दोन प्रति. शंकराजीपंतांस जाऊन तोंवर चोवीस वर्षें झालीं होतीं.

पेंच सोडविण्याच्या आणखी युक्ति निघाल्या. १९९५ सालीं आलेल्या जावा भाषेनें द्व्यामुष्यायण पुत्रच बंद केला. पूर्वज एक, बाकीचे केवळ करार, ज्यांत कामांचीं नांवें असत पण रीत नसे. त्याच वर्षीं जपानांत युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी प्रसिद्ध झाली; तिनेंहि पूर्वज एकच ठेवला, पण जोडगुणांस राजमान्यता दिली. पायथॉननें अनेक पूर्वज राखले आणि त्यांना रांगेंत उभें केलें. सर्व पूर्वजांची एकच सरळ यादी करावयाची, आणि यादींत ज्याचें नांव आधीं त्याची रीत चालावयाची. श्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह असा उच्चाराचा क्रम असतो, तशांतली ही गोष्ट. पण पायथॉनच्या जुन्या क्रमांत एक दोष होता : पहिल्या शाखेंतून थेट मूळपुरुषापर्यंत चढून जावें आणि मग दुसऱ्या शाखेस विचारावें, असा तो क्रम असल्यामुळें चुलत्याची सुधारलेली रीत आजोबांच्या जुन्या रीतीखालीं दबून जाई. २००३ सालच्या आवृत्तीनें मुळांत डिलन या भाषेसाठीं शोधलेला क्रम नव्या धर्तीच्या वर्गांस लागू केला. त्यांत दोन्ही शाखा झाल्याखेरीज मूळपुरुषाचें नांव येत नाहीं. आणि सांगितलेले क्रम परस्परांस विरोधी असले तर वर्ग जन्मासच येत नाहीं.

ही यादी कितीहि चतुर असली तरी आम्हांस ती पुरती रुचत नाहीं. नांवांचा क्रम बदलला कीं वागणूक बदलते आणि बदल झाला हें कोणी सांगत नाहीं. शाहूंचा पक्ष घेणाऱ्या अनेकांनीं असेंच केलें : थोरली शाखा आधीं, पुढें प्रश्न नको. स्वित्झर्लंडांतील बर्न येथील शेर्ली, द्युकास आणि नीरस्ट्रास, तसेच त्यांचे अमेरिकन सहकारी ब्लॅक, यांनीं २००३ सालीं ट्रेट्स नांवाची जी पद्धति मांडली ती आमच्या मतें अधिक प्रामाणिक आहे. तींत जोडगुणांस क्रमच नाहीं. दोन गुणांत एकाच नांवाचें काम आलें तर विरोध लपविला जात नाहीं. जोडणाऱ्यानें कोणतें ठेवावयाचें, कोणतें वगळावयाचें, हें उघड लिहून द्यावें लागतें. पुढें २०१४ सालीं जावानें आपल्या करारांत रीति लिहिण्यास परवानगी दिली, तेव्हां हिऱ्याचा पेंच मागल्या दारानें आंत आलाच. आणि तेथेंहि, दोन असंबद्ध करारांतून विरोधी रीति आल्या तर कोणाची चालवावयाची तें नांव घेऊन सांगावें, असाच नियम करावा लागला.

शंकराजीपंतांनंतर काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. शाहूंनीं त्यांच्यावर राग धरला नाहीं. सचिवपदाचीं वस्त्रें त्यांनीं पंतांचे पुत्र नारो शंकर यांस दिलीं; हे चिरंजीव त्या वेळीं अवघे दोन-एक वर्षांचे होते. शाहूंचें औदार्य आणि राजकारण दोन्ही त्यांत दिसतें. परंतु जें पद बापानें कर्तृत्वानें मिळविलें तें मुलास वारशानें गेलें, आणि अष्टप्रधानांची जुनी कल्पना तेथें आणखी ढिली झाली. बार्बरा लिस्कोव्ह या विदुषींनीं १९८७ सालच्या आपल्या व्याख्यानांत वारशास एक कसोटी लावली : जेथें पूर्वज चालतो तेथें वंशज बसवावा, आणि काम सांगणाऱ्याची कोणतीहि रास्त अपेक्षा भंगूं नये, तरच तो खरा वंशज. दोन वर्षांच्या सचिवाकडून कागद तपासून घेण्याचा प्रसंग कल्पिला म्हणजे कसोटी काय आहे तें चटकन् कळतें.

यावर मराठ्यांनीं काढलेला तोडगा म्हणजे मुतालिक. पदाधिकारी अल्पवयी असो, गैरहजर असो वा नालायक असो, काम मुतालिक करी. पण शिक्का पदाधिकाऱ्याचा, आणि कागद निघे तो त्याच्याच नांवें. संगणकशास्त्रांत यास डेलिगेशन म्हणतात. १९८७ सालीं डेव्हिड उंगर आणि रँडल स्मिथ यांनीं सेल्फ या भाषेचें वर्णन प्रसिद्ध केलें. तींत वर्ग नाहींतच, वंश नाहीं. एका वस्तूस जें काम येत नाहीं तें ती दुसरीकडे सोंपविते. ती दुसरी वस्तु काम करते तें मात्र पहिलीच्या वतीनें. करणाऱ्याचा मी हा मूळच्या धन्याचाच राहतो. मुतालिकीचें याहून नेमकें वर्णन आमच्या वाचनांत नाहीं. १९९४ सालीं चौघा ग्रंथकारांनीं मिळून रचनेच्या नमुन्यांवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांतहि सल्ला असा कीं, वारसा घेण्यापेक्षां दुसरी वस्तु पदरीं ठेवून तिच्याकडून काम घ्यावें. हिंजवडीच्या मुलांस तो आज पाठ असतो.

नारो शंकरांपासून पंतसचिव हें नांव त्या घराण्याकडे चाललें तें १९४८ सालीं भोर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन होईपर्यंत. राज्याचे कागद तपासून त्यांवर चिन्ह करण्याचें मूळचें काम तत्पूर्वींच कधीं लोपलें होतें. किल्ले, गांवें आणि तें नांव मात्र वारशानें खालीं येत राहिलें. जावा भाषेंतहि असे कांहीं करार आहेत : आंत एकहि काम लिहिलेलें नसतें, वर्ग तो करार धारण करतो एवढ्यावरच यंत्र त्याला ओळखतें, आणि त्यांना मार्कर, म्हणजे नुसती खूण, असें म्हणतात.